तिसरं पाणी

४८

आकडा लाल होता आणि तो खाली उतरत नव्हता.

योगिनीने मनातल्या मनात साठपर्यंत मोजलं. तरी अठ्ठेचाळीसच. मशीनच्या पोटात थोडी घरघर, मग शांतता, मग काचेच्या झाकणाखाली तिच्या नवऱ्याचा, हरिओमचा फवारणीचा शर्ट अर्धा वळसा घेऊन परत जागेवर. पाणी दिसतच नव्हतं.

"बिघडलं," रुखमाआत्या म्हणाली. योगिनीच्या सासऱ्यांची, अर्जुनरावांची ही थोरली बहीण सकाळच्या एसटीने देऊळघाटहून धामणगावला आली होती, ती फक्त मशीन पाहायला.

"बिघडलं नाही आत्याबाई. वजन करून राह्यलं."

"कशाचं?"

"कपड्याचं. किती कपडे हायेत ते पाह्यते अन् मंग तेवढंच पाणी घेते."

"एक पँट अन् एक शर्ट हाय. मले विचारलं असतं त मी सांगतलं असतं."

मागच्या अंगणात खाटेवर बसलेले अर्जुनराव हसले. सासू, पुष्पाबाई, हसली नाही. ती धुण्याच्या दगडावर बसून होती, पाय जवळ घेऊन, दोन्ही हात पदराखाली. तीस वर्षं ज्या दगडावर तिने धुणं आपटलं त्याच्यावर ती अशी रिकामी बसलेली योगिनीने पहिल्यांदाच पाहिली.

नव्या मशीनमध्ये पहिल्याच दिवशी फवारणीचे कपडे, ही अट पुष्पाबाईची होती. पूजा नाही, नारळ नाही, पांढरी चादरही नाही. "पहिले हेच धुऊन दाखवा," ती म्हणाली होती. "औषध निघालं त मी हात काढते. नाही निघालं त तुमचे सणावाराचे कपडे धुवा मशीनमधी. हे माह्याजवळच राहतीन."

घरात बाकी सगळ्यांचं धुणं कोणीही धुवायचं. फवारणीचे कपडे मात्र गोठ्याच्या खुंटीवर वेगळे टांगलेले असत आणि त्यांना पुष्पाबाईशिवाय कोणी हात लावत नसे. आता तिच्या बोटांची सालं निघत होती, नखं पिवळी पडली होती, आणि महिन्याभरापूर्वी तव्यावरची भाकरी उलटताना बोट भाजलं ते तिला वासावरून कळलं. बुलढाण्याच्या डॉक्टरने विचारलं होतं, तुम्ही फवारणी करता का? ती खरंच म्हणाली, नाही. पंपाला तिने जन्मात हात लावला नव्हता. कपडे कोण धुतं ते डॉक्टरने विचारलं नाही. ते योगिनीने परत येताना एसटीत विचारलं.

आणि पुष्पाबाईचे हात निघाले तर कोणाचे हात जातील, तेही योगिनीला ठाऊक होतं. तिला सातवा महिना होता.

४७

(गेला गुरुवार. बुलढाणा.)

शाकिरभाईच्या दुकानात अकरा मशीनं ओळीने उभी होती. पुष्पाबाई एकेकाचं झाकण उघडून आत डोकावत होती, बाहेरून टिचकी मारून आवाज ऐकत होती. बाजारात माठ घ्यावा तशी.

समोरून उघडणारी तिने लगेच सोडली. "याच्यासाठी वाकाच लागते. वाकणं होत असतं त दगडच होता ना मले."

वरून उघडणारी दोन जातींची होती. एकाच्या मधोमध पंख असलेला जाड खांब. दुसऱ्यात काहीच नाही, तळाशी नुसती थाळी.

"याच्यातला खांब कुठी गेला?"

"याले खांब लागत नाही काकू. नवीन हाय हे. खालची थाळी फिरते, कपडे एकमेकाले घासतात. गोधडीबी मावते. अन् खांबावालं मशीन नव्वद-शंभर लिटर पाणी पिते, हे पंचेचाळीसमधी काम करते. तुमच्या गावाले नळ किती दिवसानं?"

"आठव्या दिवशी."

"मंग डोळे झाकून हेच घ्या."

पुष्पाबाईने डोळे झाकले नाहीत. "पाणी कमी घेते त घाण जाते कुठी?"

शाकिरभाई थांबला. पंधरा वर्षं तो कूलर, टीव्ही, फ्रीज विकत होता. लोक रंग विचारत, गॅरंटी विचारत. "म्हणजे कसं?"

"कपडा पाण्यात फिरला. घाण पाण्यात आली. पाणी कमी, म्हणजे तेवढ्याच पाण्यात घाण जास्त. ती कपड्याले परत नाही लागत?"

शाकिरभाईने योगिनीकडे पाहिलं. योगिनी सासूकडे पाहत होती. लग्नाआधी तिने इथेच, बुलढाण्याच्या कॉलेजात, तीन वर्षं वनस्पतीशास्त्र घेतलं होतं. हा प्रश्न तिलाही सुचला नव्हता.

"काकू, तुम्ही शिकल्या किती?"

"चौथी. तुम्ही सांगा ना."

"धुतलेलं पाणी फेकते, नवीन घेते, विसळते. पायजे असंन त अजून एकदा विसळते. हे बटण त्याचंच."

"म्हणजे तीन पाणी."

"हाव, तीन पाणी."

तेव्हा पहिल्यांदा पुष्पाबाईने त्या मशीनवर हात ठेवला. "अन् औषध निघते?"

"औषध टाकायची गरजच नाही काकू. पावडर टाका फक्त. कमी फेसाची, या मशीनची वेगळी येते ती."

"टाकायचं नाही. काढायचं."

तिने हात उचलला नव्हता. शाकिरभाईचं लक्ष आता त्या हाताकडे गेलं. मोताळ्याकडे त्याच्या मामाची सहा एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, होती. सुट्टीत मामाकडे गेलं की गोठ्यात टांगलेल्या एका पँटला हात लावू देत नसत, ते त्याला आठवलं.

"हे मले आजवर कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. "कंपनीच्या पुस्तकातबी नसंन. निघते म्हणून सांगतो अन् विकतो, पण खोटं होईन ते. तुम्ही धुऊन पाहा अन् मले सांगा. मलेबी माहीत पडंन."

त्या वाक्यावर मशीन घेतलं गेलं.

३९

आकडा उतरू लागला तसा काचेखाली फेस चढू लागला. आधी कडेला, मग मधे, मग शर्टाची बाही एकदा वर आली आणि बुडाली, आणि मग सगळं पांढरं.

"पाह्य, आता धुऊन राह्यलं," आत्या समाधानाने म्हणाली.

योगिनी वाकून पाहत होती. "हा फेस एवढा कसा? मी त झाकणभरच टाकली पावडर."

तिने आत्याकडे पाहिलं.

"आत्याबाई?"

"झाकणभरानं काय होते माय. मी घरून आणली होती आपली निळी पावडर. तू नळ जोडून राह्यली होती तवा दोन मुठी टाकल्या."

"दोन?"

"पाहुण्याच्या घरी हात आखडत नाही मी."

मशीनने टूं टूं केलं. एकोणचाळीसचा आकडा विझला, आणि पेटला तेव्हा छप्पन होता.

५६

अर्जुनराव खाटेवरून उठून जवळ आले. "अरे, हे त मागं चाललं."

योगिनी पुस्तकात बोट घालून वाचत होती. "फेस जास्त झाला की मशीनले कळते बाबा. थाळी घसरते, कपडे घासत नाहीत. मंग ते पाणी फेकते, दुसरं घेते, अन् वेळ वाढवते."

"म्हणजे चूक अक्काची अन् सजा मशीनले."

"तू बस रे गुमान," आत्या म्हणाली. "ज्या मशीनले फेस सहन होत नाही ते मशीन कशाचं? उद्या म्हणंन मले मळ सहन होत नाही. वापस द्या अन् खांबावालं आणा. देऊळघाटले मास्तरच्या घरी हाय, गळ्याइतलं पाणी भरते. डोळ्यानं दिसते धुणं."

"डोळ्यानं दिसते त्याचंच काही खरं नसते अक्का," पुष्पाबाई दगडावरूनच म्हणाली.

"मंग तुले काऊन पायजे हे? तू त उभी राहायले तयार नाही त्याच्याजवळ."

"मले पाह्यचं हाय."

"काय पाह्यचं हाय?"

"तिसरं पाणी."

तेवढ्यात फाटक वाजलं आणि हरिओम आत आला. मोटरसायकलच्या मागे रिकामा पंप बांधलेला, अंगावर दुसरे, तितकेच डाग पडलेले कपडे. अंगणात तिघं मशीनभोवती आणि आई दगडावर रिकामी, हे पाहून तो आधी घाबरला. मग काचेतून त्याने फेसातून वर आलेली स्वतःची कॉलर ओळखली.

"मायीच पँट टाकली पहिले? लेकराचे दुपटे धुवायचे म्हणे ना?"

"त्याच्यासाठीच तुयी पँट टाकली," योगिनी म्हणाली.

– –

आणि लाइट गेली.

आकड्याच्या जागी काहीच उरलं नाही. मशीन जिथे होतं तिथे थांबलं, आत पाणी, पाण्यात कपडे, आणि झाकण घट्ट.

पुष्पाबाई उठली. इतका वेळ पदराखाली असलेले हात बाहेर आले. "उघडा ते."

"लॉक हाय आई. पाणी असलं की उघडत नाही."

"उघड म्हटलं ना. औषधाचे कपडे त्याच पाण्यात पडू द्यायचे नसतात. सोडलेलं परत ओढून घेतात."

हरिओमने झाकणाला दोन्ही हातांनी हिसका दिला. योगिनीने त्याचं मनगट धरलं. "तोडसान. लाइट आली की जिथं थांबलं तिथूनच चालू होते, लिहिलं हाय. मंग फेकंनच पाणी."

"लाइट कधी येते?"

या प्रश्नाला धामणगावात कोणी उत्तर देत नाही.

सगळे थांबले. थांबल्यावर अंगण ऐकू यायला लागलं. शेजारची कोंबडी. योगिनीच्या फोनची घंटी, जी तिने उचलली आणि जिच्यातून शाकिरभाई विचारत होता, "ताई, निघालं का?" ती म्हणाली, "लाइट गेली भाऊ." तो म्हणाला, "आली की सांगा," आणि फोन ठेवला.

हरिओम भिंतीला टेकून बसला. "आई, एक सांग. मी फवारतो मोकळ्या हवेत, चार घंटे. मले काही होत नाही. तुले कपड्यानं कसं होईन?"

"तू वाऱ्याकडे पाठ करून फवारतो. मी पाण्यात हात घालून बसते. तुह्या चार घंट्याचं सगळं माह्या एका घमेल्यात येते."

"बीटी पऱ्हाटी आली तवा त सांगे," अर्जुनराव म्हणाले, "फवारा सुटला म्हणून. गाडीवर भोंगा लावून सांगे."

"बोंडअळीचा सुटला म्हणे," हरिओम म्हणाला. "माव्याचा कोणी म्हटलं होतं? तुडतुड्याचा कोणी म्हटलं? आधी तीन फवारे मारत होतो, आता रस पिणाऱ्या किडीसाठी सहा होतात. अन् औषधबी पहिल्यापेक्षा कडू."

"बारा वर्षं झाली मी पाह्यून राह्यली," पुष्पाबाई म्हणाली. "पहिल्या वर्षी तिसऱ्या पाण्यात साफ होत होते कपडे. आता कधी कधी चौथं लागते."

योगिनीने मान वर केली. "आई, तुम्हाले कसं कळते? साफ झालं ते?"

आत्या हसली. "कळते काय, तिची सवय हाय ती. पाणी उधळायची. या घरात आली तवापासून पाह्यते मी. माही माय किती बोलली तिले."

पुष्पाबाईने आत्याकडे पाहिलं नाही. दगडाच्या डाव्या हाताला भेंडीची दोन झाडं होती, तिकडे पाहिलं.

– – (अजूनही)

त्या भेंडीबद्दल घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही मत होतं.

दरवर्षी त्याच जागी, दगडापासून हातभर अंतरावर, पुष्पाबाई भेंडी लावायची. दरवर्षी तिच्यावर माव्याची कीड पडायची. पानं मुरडायची, चिकट व्हायची, खालून वर मुंग्यांची रांग लागायची. भेंडी वाकडी यायची, ती कोणी खात नसे. शेतात सहा फवारे मारणाऱ्या घरात अंगणातल्या दोन झाडांना मात्र औषधाचा थेंब लावू द्यायचा नाही. गावातल्या बाया विचारत, पुष्पाबाई, मावा पाळला काय तुम्ही? ती म्हणायची, हाव.

अर्जुनरावांना एक श्रावण आठवला. सात-आठ वर्षं झाली असतील. पंपात थोडं औषध उरलं होतं. बायकोला बरं वाटेल म्हणून त्यांनी ते झाडांवर मारलं. संध्याकाळपर्यंत पानं स्वच्छ. पुष्पाबाईने पाहिलं आणि आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्या आठ दिवसांबद्दल या घरात पुष्कळ बोलून झालं होतं. तिला माहेरचं काही कळलं असेल, त्या वर्षी पाऊस गेला होता त्याचा ताण असेल, अक्का काही बोलली असेल. अक्काने तर त्यानंतर वर्षभर येणं सोडलं होतं.

आता ते झाडाजवळ उकिडवे बसले. पान उलटं केलं. खाली हिरवट पिवळा मावा गच्च बसला होता, मोहरी सांडावी तसा.

"पुष्पा," ते म्हणाले, "हे त्याच्यासाठी होतं काय?"

"तुम्हाले आता कळलं?"

"तू सांगतलं काऊन नाही?"

"काय सांगू? सासू जित्ती होती. म्हटली असती, पाणी फेकते ते फेकते, वरून कीड पोसते." तिने योगिनीकडे वळून पाहिलं, कारण विचारलं तिने होतं. "पहिले असंच पाणी जाये भेंडीत. एक दिवस पाह्यलं त मावा मेलेला. म्हटलं, मी त फवारलं नाही. कपडे धुतले फक्त. मंग दुसऱ्या दिवशी दुसरं पाणी टाकून पाह्यलं. तरी मेला."

"साबणानंबी मरतो ना मावा," योगिनी पटकन म्हणाली. तिला कॉलेजातलं काहीतरी आठवलं होतं. "साबणाच्या पाण्यानं त्याचा श्वास कोंडते."

"म्हणून त तिसरं."

योगिनीने हातातलं पुस्तक मिटलं.

"दुसऱ्यात साबण राह्यते," पुष्पाबाई म्हणाली. "मेला त कशानं मेला ते कळत नाही. तिसऱ्यात साबण नसते. तरी मेला, म्हणजे औषध. जगला, म्हणजे कपडा साफ. मंग मी तो घरात घेते. अन् दुसऱ्या झाडाले साधं नळाचं पाणी टाकते तेवढंच. नाही त उन्हानं मेला काय, तेबी कळत नाही."

आत्याने पदर सावरला. ती म्हणाली, "पण मले तरी सांगायचं."

"तुम्हाले सांगतलं असतं अक्का, त देऊळघाटले भोंगा लागला असता."

२१

लाइट तीन वाजता आली. मशीनला सगळं आठवत होतं. त्याने फेसाचं पाणी फेकलं, आणि मागची नळी योगिनीने बादलीत सोडलेली असल्यामुळे ते सगळ्यांनी पाहिलं. पिवळट, वर फेस, आणि एक वास, जो हरिओमला रोज नाकाशी असून कधी आला नव्हता. त्याने तोंड फिरवलं.

दुसरं पाणी फिकट होतं. कडेला फेसाची झालर.

"हे नाही," पुष्पाबाई म्हणाली.

योगिनीने शाकिरभाईने दाखवलेलं बटण दाबलं. तिसरं पाणी बादलीत पडायला लागलं तेव्हा अर्जुनरावांनी चष्मा लावला. स्वच्छ. योगिनीने ओंजळीत घ्यायला हात पुढे केला आणि पुष्पाबाईने तो चापट मारून मागे सारला. कपात पाणी घेतलं तिनेच, एका झाडाच्या पानांखाली शिंपडलं. दुसऱ्या झाडाला नळाचं.

"आता?"

"आता च्या करा."

०

दिवे लागायच्या सुमाराला नळाच्या पाण्याच्या झाडावर मावा चालत होता, पोरं रांगावी तसा. तिसऱ्या पाण्याच्या झाडावर तो होता तिथेच होता, पण तपकिरी. योगिनीने पानाला टिचकी मारली. तो झडला. मुंग्या खाली निघून चालल्या होत्या.

 मशीनवर शर्ट वाळत होता, बगळ्यासारखा पांढरा.

"दिसाले त कसा साफ दिसते," हरिओम म्हणाला.

"वापस द्या," आत्या म्हणाली, पण तिचा आवाज सकाळचा नव्हता. "मी म्हटलं होतं."

"वापस कशाले? चूक मशीनची नाही," योगिनी म्हणाली. ती वेगाने बोलत होती. "आईच्या घमेल्यात एका पाण्याले दोन बादल्या लागतात. हे त्यातलं निम्मंबी घेत नाही. तीन पाणी हायेत पण लहान हायेत. दोनदा लावू. सहा पाणी होतीन. उद्या तेबी पाहू."

"अन् पहिलं पाणी त्याच पिपात?" पुष्पाबाईने विचारलं. "ज्याच्यात लेकराचे दुपटे धुवायचे?"

योगिनी थांबली. मग हळूच म्हणाली, "मंग पहिले दोन मी दगडावर काढते. तुम्ही नाही आता."

"तुह्या हाताले अजून लेकरू धरायचं हाय. गरम दूध हाय का थंड, ते कळलं पायजे तुले."

"मंग कोण?"

अर्जुनराव उठले. त्यांनी बादलीतलं उरलेलं तिसरं पाणी उचललं आणि दुसऱ्या झाडावर, पानं उलटी करकरून, सगळं ओतलं.

"अहो, हे काय केलं?"

"पाह्यतो. मलेबी एकदा माह्या डोळ्यानं पाहू दे."

रात्री त्यांनी बॅटरी लावून पाहिलं, आणि सकाळी चष्मा लावून. तोवर मशीन तसंच उघडं होतं. सकाळी ते बराच वेळ त्या झाडासमोर उभे राहिले. मग घरात येऊन हरिओमला म्हणाले, "कपडे कोणाचे हायेत बे?"

"माये."

"मंग?"

हरिओम भाकरी खात होता. त्याने घास संपवला. आईच्या हातांकडे त्याने पाहिलं, ते ताटावर होते, भाकरी मोडताना करंगळी वेगळीच वाकत होती. हे त्याने याआधी कधी पाहिलं होतं का, त्याला आठवेना.

"पहिलं पाणी मायं," तो म्हणाला. "शेतात. विहिरीपासून दूर, बरड जमिनीत खड्डा करतो. रबरी मोजे आणतो बुलढाण्याहून."

"दुसरं?" पुष्पाबाईने विचारलं.

"दुसरंबी."

"तिसरं?"

"तिसरं मशीनचं," योगिनी म्हणाली. "अन् मंग पाहू काय होते ते."

"पाह्यशान कशावर?" आत्या म्हणाली. ती परत जायला पिशवी घेऊन उभी होती. "तुह्या सासऱ्यानं दोन्ही झाडं साफ केली. घरात मावाच नाही राह्यला आता."

सगळ्यांनी अर्जुनरावांकडे पाहिलं. बारा एकर पऱ्हाटीच्या त्या घरात, मावा नाही म्हणून सगळे अडून बसले होते.

४८

बुधवारी हरिओमने फवारा मारला. अर्जुनराव बांधावर उभे राहून पाहत होते. "मधला एक तास सुटला रे तुया," ते ओरडले. एक अख्खी ओळ कोरडी राहिली होती.

"सुटला नाही," हरिओम पंप मारत म्हणाला. "सोडला."

योगिनीने मशीनला पाणी लावून ठेवलं होतं, पावडर मोजून झाकणभर. शाकिरभाईचा दोनदा फोन येऊन गेला होता. पाच वाजले तरी हरिओमच्या गाडीचा आवाज नाही, म्हणून ती फाटकाशी आली.

तो पायी येत होता. गाडी त्याने शेतातच ठेवली होती. एका हातात पिशवी, तिच्यातून दोन पाण्यांतून काढलेले कपडे ठिबकत होते. दुसऱ्या हातात पऱ्हाटीचा शेंडा, उभा धरलेला. त्याच्यासमोर पिशवीचा हात आडवा धरून तो वारा अडवत होता. मावा मारायला शिकलेला तो माणूस दीड मैल असा चालत आला होता, पावलं मोजून, गाडीच्या वाऱ्याने झडेल म्हणून. पानाखाली मावा सगळा गच्च, जिवंत.

पुष्पाबाई धुण्याच्या दगडावर बसली होती. हात पदराबाहेर, मांडीवर, कोरडे. तिने त्याला फाटकातून आत येताना पाहिलं, उंबऱ्यावर पाय उचलताना पाहिलं.

"हळू आण रे," ती म्हणाली. "सांडतीन."